विकणाऱ्याचाच इसार

ज्या मालमत्तेचा मालक ती फुकट देऊ करतो, हस्तांतरणाचा खर्चही स्वतःच्या शिरावर घेण्याची तयारी दाखवितो आणि तरीही जिला घेणारा मिळत नाही, अशी मालमत्ता आपल्याकडच्या कोणत्याही जमाबंदीच्या दप्तरात सहसा आढळणार नाही. अमेरिकेत मात्र ती विपुल आहे. ईबेच्या लिलावात एका डॉलरला पुकारलेले सुटीचे सप्ताह वर्षानुवर्षे दिसत आले आहेत, आणि ते पुकारणाऱ्या मालकांपैकी कित्येकांनी त्याच सप्ताहासाठी कधीकाळी दहा, पंधरा, वीस हजार डॉलर रोख किंवा कर्ज काढून मोजलेले असतात. टाइमशेअर हे त्या मालमत्तेचे नाव. या डॉलरभर मोलाच्या वस्तूच्या आधारे तिच्या मालकाकडून हजारो आणि प्रसंगी लाखो डॉलर काढून घेण्याची जी विद्या फ्लोरिडात वाढली, मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतात जिला खुनी टोळ्यांचा आश्रय मिळाला आणि जिची एक घरगुती आवृत्ती आपल्याकडील निवृत्तांच्या दूरध्वनीपर्यंत येऊन पोचली आहे, तिची ही हकीकत आहे.

मूळ कल्पनेत काही वावगे नव्हते. डोंगरात किंवा समुद्रकाठी संपूर्ण घर विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मध्यमवर्गाने त्या घराचा वर्षातला एकच आठवडा विकत घ्यावा, उरलेले आठवडे इतरांनी घ्यावेत आणि देखभालीचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, असा तो सहकारी स्वरूपाचा विचार होता. स्वित्झर्लंडमध्ये 1963 साली स्थापन झालेली हापिमाग ही संस्था आणि त्याच दशकात फ्रेंच आल्प्समधील सुपरदेव्होलुई येथे झालेला प्रयोग ही त्याची आरंभीची उदाहरणे होत. अमेरिकेत ही कल्पना रुजली ती मात्र सहकाराच्या प्रेरणेने नव्हे, तर अडचणीतून: 1973 च्या तेलटंचाईनंतर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बांधून तयार असलेल्या सदनिकांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा एक सदनिका एकाला विकण्याऐवजी पन्नास-एकावन्न जणांना विकली तर एकूण वसुली कितीतरी अधिक होते, हा हिशेब बांधकाम व्यावसायिकांच्या ध्यानात आला. 1974 साली इंडियानापोलिसमध्ये आरसीआय ही अदलाबदलीची संस्था निघाली आणि फ्लोरिडातला आपला आठवडा देऊन स्पेनमधला किंवा गोव्यातला दुसऱ्याचा आठवडा घेण्याची सोय झाली. त्या सोयीने या व्यापाराला जगभर पाय फुटले.

ऑरलँडो ही या व्यापाराची राजधानी. डिस्नेच्या नगरीत मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना (त्यांत न्यू जर्सीची आणि टेक्ससची मराठी कुटुंबे आलीच) स्वस्तातली प्रवेशपत्रे देऊ केली जातात. अट एवढीच की सकाळी 90 मिनिटांच्या एका निवेदनास उपस्थित राहावे. ती 90 मिनिटे तीन-चार तासांची होतात, एकामागून एक अधिक गोड आणि अधिक वरिष्ठ विक्रेते येतात, आजचा भाव आजच, उद्या नाही, असे बजावले जाते, आणि दुपारच्या जेवणाच्या सुमारास दमलेले पालक सही करून मोकळे होतात. फ्लोरिडाच्या कायद्याने ही सही दहा दिवसांच्या आत कोणतेही कारण न देता मागे घेता येते. परंतु सुटी संपवून घरी परतून कागदपत्रांचे बाड उघडेपर्यंत बहुतेकांचे ते दहा दिवस निघून गेलेले असतात. दिलेल्या रकमेतला मोठा हिस्सा ती प्रवेशपत्रे, ते विक्रेते आणि त्यांची दलाली यांवर आधीच खर्ची पडलेला असतो. तो विटामातीत कधी गेलेलाच नसतो, त्यामुळे सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तीच वस्तू बाजारात न्यावी तर त्या हिश्शाचे कोणी काही देत नाही. पुढे दरवर्षी देखभालीचा आकार येतो. आज तो सरासरीने हजार डॉलरच्या वर गेलेला आहे, तो वाढतच जातो, आणि मालक त्या वर्षी तेथे राहावयास गेला अथवा न गेला याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

पुढच्या फसवणुकीचे खरे बीज या पहिल्या, सर्वस्वी कायदेशीर विक्रीत आहे, असे माझे मत आहे. त्या सकाळी विक्रेत्याने 'ही तुमची गुंतवणूक आहे' हे वाक्य उघडपणे किंवा आडून उच्चारलेले असते. वीस वर्षांनी येणारा भामटा नवे असत्य सांगत नाही. तो त्या जुन्या आश्वासनाची पूर्तता करण्यासाठीच आपण आलो आहोत, एवढेच भासवितो. फसलेल्या माणसांविषयी 'लोभ नडला' असा शेरा मारण्याची आपल्याकडे जी घाईची प्रथा आहे ती येथे विशेषच अन्यायकारक ठरते. कारण या माणसांना श्रीमंत व्हावयाचे नसते, त्यांना आपण वीस वर्षांपूर्वी मूर्खपणा केला नव्हता याचा पुरावा हवा असतो, आणि त्यासाठी माणूस लोभापेक्षा कितीतरी अधिक किंमत मोजतो.

दूरध्वनी येतो तो बहुधा दुपारी. बोलणाऱ्याला तुमचे नाव, वसाहतीचे नाव, सदनिकेचा प्रकार, तुमचा आठवडा कितवा, हे सर्व ठाऊक असते, आणि एवढी माहिती असलेला माणूस अधिकृतच असला पाहिजे, हा आपला पहिला चुकीचा तर्क. खरेदीखते सार्वजनिक दप्तरात नोंदलेली असतात, ग्राहकांच्या याद्या विकल्या जातात, आणि वसाहतीतले फितूर नोकर त्या चोरूनही देतात. तो माणूस सांगतो की एक मोठी कंपनी आपल्या नोकरांच्या सुट्यांसाठी नेमक्या तुमच्याच वसाहतीतले आठवडे खरेदी करीत आहे, किंवा परदेशातला एक गृहस्थ घेण्यास उत्सुक आहे. भाव सांगतो तोही मोठ्या चातुर्याने: मूळ किमतीच्या दसपट सांगत नाही, मूळ किंमत आणि वर थोडे, एवढेच. करारनामा येतो, त्यावर शिक्का असतो, एका वकिलाचे नाव असते, आणि खरेदीदाराने पैसे त्रयस्थाच्या एस्क्रो खात्यात भरून ठेवले असल्याचा दाखला असतो. आता अडले आहे ते एका क्षुल्लक बाबीवर. मालकीहक्काच्या तपासणीचे म्हणा, हस्तांतरणाच्या नोंदणीचे म्हणा, जाहिरातीचे म्हणा, काही शे किंवा हजार-दोन हजार डॉलर आगाऊ भरावयाचे आहेत, आणि व्यवहार पुरा होताच ते किमतीबरोबर परत मिळणार आहेत.

या क्षणी दूरध्वनी खाली ठेवला पाहिजे. आपल्याकडे शेत विकले जाते, घर विकले जाते, म्हैस विकली जाते, आणि कोणत्याही व्यवहारात इसाराची रक्कम घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे जाते. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या दलालाला इसार दिला, असे गावच्या बाजारात कोणी सांगितले तर लोक हसतील. प्रामाणिक दलालाची दलाली सौदा पुरा झाल्यावर, आलेल्या पैशातून वळती होते. नोंदणीचे, दस्तऐवजाचे, हस्तांतरणाचे खरोखरीचे खर्च असतातच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तेही व्यवहार पुरा होताना विक्रीच्या रकमेतून कापून घेता येतात, आणि ज्याने एस्क्रोमध्ये वीस हजार डॉलर पडून असल्याचे दाखविले आहे त्याला 'त्यांतूनच तुमचे हजार कापून घ्या आणि उरलेले पाठवा' असे म्हटले की त्याची जी तारांबळ उडते, ती कोणत्याही चौकशीहून बोलकी असते. मग तो सांगू लागतो की कायद्याने तसे करता येत नाही. कोणत्या कायद्याने, हे तो सांगत नाही.

कायदा उलट दिशेने बोलतो. फ्लोरिडात परवानाधारक दलालाला टाइमशेअर विक्रीस लावण्यासाठी आगाऊ शुल्क घेण्यास मनाई आहे. या मनाईतून निसटण्यासाठी तेथल्या ठकांनी एक पळवाट काढली: आम्ही दलाल नव्हेच, आम्ही केवळ जाहिरात करणारे आहोत, आणि जाहिरातीचे पैसे आगाऊच द्यावे लागतात. त्या पळवाटेने इतका धुमाकूळ माजविला की 2012 साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने खास याच विषयावर एक कायदा केला. त्याने लेखी करार सक्तीचा केला, सही केल्यानंतर सात दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क विकू पाहणाऱ्या मालकाला दिला, आणि खरेदीदार तयार नसताना तो तयार असल्याचे सांगणे निषिद्ध ठरविले. पुढच्याच वर्षी, जून 2013 मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अनेक राज्ये आणि परदेशी यंत्रणा यांच्यासह टाइमशेअरच्या पुनर्विक्रीतील आणि प्रवासाच्या नावावरील फसवणुकीविरुद्ध एकूण 191 कारवाया जाहीर केल्या. एका राज्यात बंद झालेले दुकान दुसऱ्या राज्यात नव्या पाटीने उघडत राहिले, ही गोष्ट निराळी.

युरोपने अधिक सरळ मार्ग पत्करला. स्पेनच्या कोस्ता देल सोलवर ब्रिटिश आणि जर्मन प्रवाशांची जी लूट झाली तिचा अनुभव गाठीशी असल्यामुळे युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशात एक स्पष्ट कलम घालण्यात आले: पुनर्विक्रीच्या करारात प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत, अथवा तो करार अन्य रीतीने संपुष्टात येईपर्यंत, ग्राहकाकडून कोणतीही आगाऊ रक्कम, अनामत किंवा हमी घेता येणार नाही. फ्लोरिडात लेखी कराराची आणि सात दिवसांची जी कसरत करावी लागते, ती येथे एका कलमात संपते. विधिमंडळातली मंडळी कधीकधी वाक्य लहान ठेवू शकतात, याचे हे दुर्मीळ उदाहरण.

आता मेक्सिको. प्रशांत महासागराच्या काठी पुएर्तो व्हायार्ता नावाचे रमणीय नगर आहे. अमेरिकन आणि कॅनेडियन निवृत्तांनी तेथे टाइमशेअर घेतलेले आहेत, आणि ज्या हालिस्को प्रांतात ते वसले आहे तेथे हालिस्को न्यू जनरेशन कार्टेल या अमली पदार्थांच्या टोळीचे राज्य चालते. फेंटानिलसारखे विष सीमेपार पोचविण्यात जी जोखीम असते तिच्या तुलनेत एका वृद्धाशी इंग्रजीत गोड बोलण्यात काहीच जोखीम नाही, हे या टोळीने ओळखले. वसाहतींतल्या फितुरांकडून मालकांच्या याद्या मिळविल्या, सफाईने इंग्रजी बोलणारी तरुण मुले कॉल सेंटरांत बसविली, आणि अमेरिकेतल्या खऱ्याखुऱ्या दलालांच्या आणि वकिलांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेऊन दुकान मांडले. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याच्या दोन शाखांनी आणि एफबीआयने मिळून बँकांना जो इशारा धाडला त्यात म्हटले आहे की 2019 ते 2023 या काळात मेक्सिकोतील टाइमशेअरच्या फसवणुकीत सुमारे 6,000 अमेरिकन नागरिकांनी जवळजवळ 30 कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी नोंदविल्या. लाजेमुळे तक्रारच न करणारे या आकड्यात आलेले नाहीत.

मेक्सिकोची पद्धत फ्लोरिडापेक्षा एका बाबतीत पुढे गेलेली आहे. फ्लोरिडाचा ठक हजार-दोन हजार घेऊन अदृश्य होत असे. हालिस्कोचा ठक पहिल्या रकमेनंतरच खरा कामाला लागतो. पहिली रक्कम हे त्याच्या दृष्टीने केवळ माणूस पैसे पाठवितो की नाही याचे परीक्षण असते. मग मेक्सिकोच्या करखात्याच्या शिक्क्याचे पत्र येते: परकीय व्यवहारावरचा कर आधी भरावा. मग दंडाची नोटीस येते, मग बँकेने रक्कम अडवून ठेविली असल्याचे कळते, आणि प्रत्येक वेळी आतापर्यंत भरलेले सर्व पैसे सुटण्यास आता एकच हप्ता उरला आहे, असे सांगितले जाते. पुढचा डाव त्याहूनही निर्घृण. काही महिन्यांनी एक नवा माणूस दूरध्वनी करतो. तो आपण वकील असल्याचे, किंवा इंटरपोलचे अथवा मेक्सिकोच्या वित्तीय गुप्तवार्ता कार्यालयाचे अधिकारी असल्याचे सांगतो. तुम्हाला फसविणारे पकडले गेले आहेत, तुमची रक्कम जप्त झालेली आहे, ती सोडविण्यासाठी शुल्क भरा. तो फसविणाऱ्यांच्याच टोळीतला असतो. दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार की हा मनुष्य फसलेला आहे? अमेरिकेच्या टेलिमार्केटिंग नियमांत याला एक उत्तर आहे: दूरध्वनीवरून फसलेले पैसे मिळवून देण्याचे काम पत्करणाऱ्याला ते पैसे ग्राहकाच्या हाती पडून कामाचे सात दिवस उलटल्याखेरीज फी घेता येत नाही. म्हणजे जो परत मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागतो, त्याने मागता क्षणीच नियम मोडलेला असतो.

न्यूयॉर्क टाइम्सने 2024 साली एका दांपत्याची कहाणी छापली. कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला गृहस्थ आणि त्याची पत्नी. त्यांचे टाइमशेअर मेक्सिकोत नव्हतेच, ते अमेरिकेतच, लेक टाहोला होते. मेक्सिकोतला होता तो केवळ काल्पनिक खरेदीदार, आणि तेवढ्यावरून पैसे मेक्सिकोला पाठविण्याचे निमित्त तयार झाले. एकामागून एक शुल्के, दंड आणि धमक्या यांच्या पोटी या दांपत्याचे जवळजवळ नऊ लाख डॉलर गेले. कोणत्याही एका दिवशी त्याला नऊ लाख मागितले असते तर तो हसला असता. प्रत्येक हप्त्याच्या वेळी प्रश्न फक्त पुढच्या काही हजारांचा होता, आणि ते न भरणे म्हणजे मागचे सर्व पैसे बुडाल्याचे स्वतःशी कबूल करणे होते. घरी मिळविणारी आणि हिशेब समजणारी मुले असतानाही असे पैसे जात राहतात, कारण मुलांना सांगण्याइतकी लाज दुसऱ्या कशाची वाटत नाही.

दूरध्वनीच्या त्या टोकाला बसणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती सांगितल्याखेरीज चित्र पुरे होत नाही. 2023 च्या मे महिन्यात हालिस्कोतल्याच ग्वादलाहारा शहराला लागून असलेल्या सापोपान येथून कॉल सेंटरमध्ये काम करणारे काही तरुण-तरुणी बेपत्ता झाले, आणि महिनाअखेरीस एका दरीत त्यांच्या देहांचे अवशेष पिशव्यांत भरलेले सापडले. ते ज्या ठिकाणी काम करीत तेथून टाइमशेअरचा हाच उद्योग चाले, आणि त्यांनी नोकरी सोडण्याचा प्रयत्न केला म्हणून त्यांना मारण्यात आले, असे अमेरिकन अधिकाऱ्यांनी सांगितले. बळींची संख्या त्यांनी आठ दिली. त्याच वर्षी मार्चपासून अमेरिकेच्या अर्थखात्याने पुएर्तो व्हायार्ताच्या परिसरातील कंपन्यांवर आणि व्यक्तींवर निर्बंधांच्या याद्या काढण्यास आरंभ केला, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत टोळीचे हिशेब ठेवणारे लेखापालही आले. एवढे झाले तरी तारेने मेक्सिकोला गेलेला पैसा परत येत नाही. क्रेडिट कार्डाने दिलेल्या रकमेविरुद्ध बँकेकडे तक्रार तरी करता येते. बँकेतून परदेशी खात्यात आपल्याच सहीने पाठविलेली रक्कम काही तासांत दुसऱ्या-तिसऱ्या खात्यांत विरघळून जाते.

विक्रीचा नाद सोडून केवळ सुटका मागणाऱ्यांसाठीही एक निराळा बाजार उभा राहिला आहे. 'आम्ही तुम्हाला करारातून मुक्त करतो, न झाल्यास पैसे परत' असे सांगून चार-पाच हजारांपासून पुढे कितीही रक्कम आगाऊ घेणाऱ्या या कंपन्या रेडिओवर जाहिराती देत, सुप्रसिद्ध वक्त्यांची शिफारस मिळवीत, आणि पुष्कळदा ग्राहकाला देखभालीचा आकार भरणेच थांबविण्याचा सल्ला देत, ज्याचा परिणाम थकबाकी, वसुली आणि पत बिघडणे यांत होई. वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्याने 2020 साली अशाच एका बड्या कंपनीवर दावा लावला आणि पुढच्या वर्षी ती 26 लाख डॉलरच्या तडजोडीस आली. 2022 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि विस्कॉन्सिन राज्य यांनी मिसूरीतील एका समूहाविरुद्ध फिर्याद केली. तिच्यात म्हटल्याप्रमाणे त्या समूहाने ग्राहकांकडून, विशेषतः वृद्धांकडून, नऊ कोटी डॉलरहून अधिक गोळा केले होते. फुकट देण्याजोगी वस्तू फुकट देण्यासाठी नऊ कोटी.

प्रामाणिक मार्ग रूक्ष आहे आणि त्यात कोणी गोड बोलत नाही. पहिले पत्र स्वतःच्याच वसाहतीच्या व्यवस्थापनाला लिहावे: आमचा आठवडा परत घेण्याची काही योजना आहे काय? अनेक मोठ्या कंपन्यांनी आता अशा योजना ठेविल्या आहेत; कर्ज फिटलेले असावे आणि आकाराची बाकी नसावी, एवढी त्यांची साधारण अट असते. विकावयाचेच असेल तर परवानाधारक दलालाचा परवाना राज्याच्या कार्यालयात स्वतः पडताळून पाहावा, दलालाने दिलेल्या दुव्यावरून नव्हे. लायसेन्स्ड टाइमशेअर रिसेल ब्रोकर्स असोसिएशन ही दलालांची संघटना आपल्या सभासदांना आगाऊ शुल्क घेऊ देत नाही, तेव्हा तेथून आरंभ करणे बरे. खऱ्या व्यवहारात दलाल वसाहतीकडून थकबाकी नसल्याचा लेखी दाखला मागवितो, आणि मूळ कंपनीला प्रथम खरेदीचा हक्क असल्यास तिच्याकडे विचारणा जाते. भामटा या दोन्ही गोष्टींविषयी सहसा चकार शब्द काढत नाही, कारण त्याचे वसाहतीशी काही कामच नसते. आणि या सर्वांआधी एक कडू घोट घ्यावा लागतो. आपल्या आठवड्याचा आजचा भाव विकणाऱ्यांनी सांगितलेल्या किमतीवरून नव्हे, तर खरोखर विकल्या गेलेल्या किमतींवरून पाहावा. तो शंभर डॉलर किंवा शून्य निघाला की पंधरा हजार देऊ करणाऱ्या आवाजाचे स्वरूप आपोआप उघडे पडते. ज्याने तोटा मनाशी मान्य केला आहे त्याला खोट्या खरेदीदाराच्या नावाने कोणी फसवू शकत नाही.

हिंदुस्थानात ही कल्पना 1986 साली स्थापन झालेल्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सने रुजविली, आणि 1996 मध्ये महिंद्र समूह त्यात उतरल्यानंतर 25 वर्षांचे सदस्यत्व ही गोष्ट मुंबई, पुणे, नाशिक येथील मध्यमवर्गाच्या घरात ठाऊक झाली. आपल्याकडे ही बहुधा मालकी नसते, ठरावीक मुदतीचे सदस्यत्व असते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात पडण्याची अमेरिकेतली भीती येथे तितकी नाही. पण टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदाही नाही. गोव्यात कळंगुट-बागा किनाऱ्यावर स्क्रॅच कार्ड हाती देऊन 'बक्षीस लागले' म्हणत प्रवाशांना सादरीकरणाला नेणारे दलाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ऑरलँडोची सकाळ परकी वाटणार नाही. आणि महाराष्ट्राला आपला एक मोठा अनुभवही आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्सने हॉटेलांतल्या 'रूम नाइट्स' विकल्या आणि त्या न वापरल्यास वाढीव रक्कम परत देण्याचे सांगितले. सेबीने हे टाइमशेअर नसून विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे ठरवून फेब्रुवारी 2016 मध्ये 50 लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचे सुमारे 7,035 कोटी रुपये परत करण्याचा हुकूम दिला. तेथेही वस्तू सुटीची होती आणि विकली गेली ती परताव्याची आशा.

आपल्याकडचा दूरध्वनी हिंदीत किंवा सफाईदार इंग्रजीत येतो. तुमची मेंबरशिप आम्ही विकून देतो, किंवा तिची मुदत संपली असल्याने रिफंड मंजूर झाला आहे. फक्त एनओसीचे, फाइल चार्जेसचे, जीएसटीचे किंवा टीडीएसचे पैसे आधी भरावे लागतील. बंद पडलेल्या विमा पॉलिसीवर बोनस मिळवून देण्याच्या नावाखाली चालणारे दूरध्वनी, ज्यांविषयी विमा नियामकाने वारंवार जाहीर सूचना दिल्या आहेत, ते याच कुळातले. करांची नावे ऐकून निवृत्त सरकारी नोकर विशेष गोंधळतो, कारण आयुष्यभर त्याने कर वेळेवर भरलेले असतात. टीडीएस देणाऱ्याने कापून घ्यावयाचा असतो, घेणाऱ्याने आधी भरावयाचा नसतो. आणि सदस्यत्वाच्या हस्तांतरणाचे शुल्क जेथे असते तेथे ते मूळ कंपनीच्या खात्यात, कंपनीच्या पावतीवर जाते, कोणा व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर नव्हे. कंपनीचा क्रमांकही जुन्या करारपत्रावरून शोधावा, शोधयंत्रात वर आलेल्या पहिल्या क्रमांकावर विसंबू नये.

पैसे गेलेच तर घटकेचाही विलंब न करता सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला 1930 या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात पोचण्याआधी गोठविता आली तरच तिचा काही भाग हाती लागण्याची आशा असते, आणि रात्रभर विचार करून सकाळी फिर्याद द्यावी असे ठरविणाऱ्याच्या बाबतीत ती आशा फारशी उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या 318 व्या कलमाखाली हा गुन्हा आहे. मूळ कंपनीशीच वाद असेल तर ग्राहक मदतवाहिनी 1915 आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग खुले आहेत. रिझर्व्ह बँकेचे ग्राहकाला संरक्षण देणारे 2017 चे परिपत्रक मुख्यतः तुमच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही स्वतःच्या हाताने, गोड शब्दांना भुलून पाठविलेल्या रकमेला त्याचा आधार सहजासहजी मिळत नाही, हे पुष्कळांना बँकेच्या खिडकीपाशी प्रथमच कळते.

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये सध्या आणखी एक धमकी ऐकू येते. 'तुम्ही आज आम्हाला पैसे देऊन हे सोडविले नाही, तर तुमच्या मागे तुमच्या मुलांना हा देखभालीचा आकार जन्मभर भरावा लागेल,' असे मुक्तता-कंपन्यांचे विक्रेते सांगतात, आणि साठी-सत्तरीतले पालक दुसऱ्या कशाला नाही तरी याला बिचकतात. वस्तुस्थिती अशी की अमेरिकेत वारसाला नको असलेला वारसा घेण्याची सक्ती नाही. तो लेखी नकार देऊ शकतो. करविषयक संघराज्य कायद्याच्या दृष्टीने हा नकार निधनापासून नऊ महिन्यांच्या आत द्यावा लागतो आणि बाकीचा तपशील राज्याराज्यांत वेगळा असतो, म्हणून एका स्थानिक वकिलाची एकदाची फी येथे खरोखरच सार्थकी लागते. आणखी एक अट आहे, आणि ती मुलांना आधीच सांगून ठेवण्याजोगी आहे: नकार देण्यापूर्वी त्या मालमत्तेचा उपभोग घेतलेला नसावा. वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, आठवडा वाया जाऊ नये म्हणून, मुलाबाळांना घेऊन ऑरलँडोच्या त्या सदनिकेत राहून येणाऱ्या वारसाचा तो हक्क तेथेच संपू शकतो.